आमची वाटचाल : सुटा मसाला, पाकीटबंद मसाला

लालबागच्या मसाला गल्लीत मार्च ते मे म्हणजे आमची सुगी. बेडगी, संकेश्वरी, पांडी मिरची हातात घेऊन निवडायची, खडा मसाला तोलून घ्यायचा आणि डंकावर कुटून न्यायचा, ही गिऱ्हाइकांची जुनी रीत. वडील माल नजरेनंच मोजत. पोतं अर्ध्यावर आलं की वाशीच्या मसाला मार्केटला निरोप जाई.

2020च्या टाळेबंदीत नेहमीची माणसं व्हॉट्सअॅपवर मसाला मागू लागली, पुढे वेबसाइट झाली. पण काउंटरवर माल सुटा जातो आणि ऑनलाइन पाकीटबंद. पाकिटावर निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, बॅच, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी परवाना क्रमांक, सगळं लागतं. त्यामुळे पिंपात मालवणी मसाला काठोकाठ असला, तरी पाकिटं भरलेली नसतील तर ऑनलाइनसाठी तो नाहीच.

म्हणून वेबसाइटवर फक्त भरलेल्या पाकिटांचा आकडा चढतो. त्यांची फळी वेगळी. काउंटरवर कितीही गर्दी असो, त्या फळीला हात लावायचा नाही. मे महिन्यात दुकानभर घमघमाट आणि वेबसाइटवर ‘माल संपला’, असं होतंच. थोडा धंदा जातो, जाऊ दे. पैसे घेतल्यावर ‘माल नाही’ कळवणं मला पटत नाही. नागपूरहून ऑर्डर देणाऱ्या ताईंचा रांगेतला नंबरही दुकानात उभ्या असलेल्या माणसाइतकाच खरा.

कुरिअरचं गणित निराळं. विमानानं जाणाऱ्या पार्सलची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा 5000नं भागतात. ते उत्तर खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं तर दर त्यावर. 30 × 20 × 20च्या खोक्यात किलोभर मसाला घातला, तर पैसे 2.4 किलोचे! पाकिटांच्या मापाची खोकी करून घेतली तेव्हा कुठे ऑनलाइनमध्ये चार पैसे सुटू लागले.

परत आलेलं पार्सल, सील शाबूत असलं तरी, पुन्हा विक्रीला ठेवत नाही. वाटेत कुठे ओल लागली असेल, कोण सांगणार?

गणपतीत तर लालबागमध्ये पाय ठेवायला जागा नसते, कुरिअरची गाडी गल्लीपर्यंत येणं कठीण. त्या दिवसांतली ऑर्डर विसर्जनानंतरच निघेल, हे गिऱ्हाइकानं पैसे भरण्याच्या आधीच आम्ही वेबसाइटवर दाखवतो. घाई असलेली मंडळी आता आठवडाभर आधीच मागवून ठेवतात.