रिकामी सम: एका बेसवादकाबरोबर ब्रिस्टलमध्ये दोन दिवस

बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागात आमच्या आणि अंकलच्या घराची भिंत एकच आहे, आणि गेली नऊ वर्षे त्या भिंतीतून मला बेस गिटार ऐकू येते. ऐकू येते म्हणण्यापेक्षा जाणवते म्हणणे अधिक बरोबर, कारण त्यांचा रियाज सुरू झाला की स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची स्टीलची पेले-वाटी बारीक थरथरू लागतात. अंकलचा जन्म जमैकातल्या किंग्स्टनचा. सातव्या वर्षी ते आईवडिलांपाठोपाठ इंग्लंडला आले, आणि आज अडुसष्टाव्या वर्षीही रेगे या जमैकन संगीताच्या एका सहा जणांच्या वाद्यवृंदात बेस वाजवतात. मी त्यांना अंकल म्हणते. ही केवळ आपल्याकडची सवय नव्हे. जमैकन घरांतही वडीलधाऱ्यांना असेच हाक मारतात, त्यामुळे आमच्या दोन्ही घरांना हा शब्द पहिल्या दिवसापासून आपला वाटला.

सप्टेंबरच्या अखेरीस त्यांचे ब्रिस्टलला शनिवारी रात्री आणि रविवारी दुपारी असे दोन कार्यक्रम ठरले होते. नेमकी त्याच महिन्यात त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्याने गाडी चालवायला मनाई होती, म्हणून मी व्हॅन चालवण्याची तयारी दाखवली. शनिवारी सकाळी आम्ही सामान चढवले. ॲम्प्लिफायर, दोन स्पीकर कॅबिनेट आणि केबलींची पेटी एवढेच ते सामान, पण एकेका कॅबिनेटला दोघांनी हात लावावा लागतो, आणि ते कोणत्या क्रमाने ठेवायचे याचे अंकलचे नियम पक्के आहेत. गिटार मात्र मागे गेली नाही. ती पुढच्या सीटवर, त्यांच्या गुडघ्यांमध्ये उभी राहून आली.

एम-5 महामार्गाने साधारण दीडशे किलोमीटर अंतर आहे. उजवीकडे माल्व्हर्नच्या टेकड्या दिसेपर्यंत अंकल काही बोलले नाहीत, आणि नंतर बोलले ते त्यांच्या गुरूंविषयी. रेगेचे जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांच्या वेलर्स वाद्यवृंदातील बेसवादक ॲस्टन ‘फॅमिली मॅन’ बॅरेट यांना ते कधी भेटले नाहीत, परंतु तबकड्यांवरून त्यांची एकेक चाल त्यांनी बोटांत उतरवून घेतली आहे. बॅरेट 2024 च्या फेब्रुवारीत गेले, तेव्हा अंकलनी दिवसभर वाद्याला हात लावला नव्हता. ही गोष्ट भिंतीपलीकडच्या शांततेमुळे मला आधीच ठाऊक होती. तिचे कारण मात्र त्या दिवशी गाडीत कळले.

दुपारी तीन वाजता आम्ही सभागृहात पोहोचलो. संगीतकाराबरोबर प्रवास केल्याशिवाय एक गोष्ट लक्षात येत नाही, ती म्हणजे दीड तासाच्या वादनासाठी त्यांचे सात-आठ तास थांबण्यात जातात. आधीचा वाद्यवृंद उशिरा आला, मग साउंडचेकची, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासून घेण्याची, वेळ घटून वीस मिनिटांवर आली, आणि त्या जुन्या इमारतीतल्या वीजजोडणीमुळे अंकलच्या ॲम्प्लिफायरमधून सतत घुंऽऽ असा आवाज येऊ लागला. आवाज चढवून त्यावर मात करण्याचा सल्ला साउंड इंजिनिअरने दिला. अंकलनी तो ऐकून घेतला, पण गुडघे टेकून एकेक केबल काढली, पुसली, दुसऱ्या सॉकेटला लावून पाहिली, आणि ती घरघर पूर्ण थांबल्यावरच उठले. “डॉटर,” ते मला म्हणाले, “माझ्या वाजवण्यात अर्धी जागा मोकळी असते. त्या जागेत दुसरे काही शिरलेले मला चालत नाही.”

या वाक्याचा अर्थ मला साउंडचेकमध्येच उमगला, आणि या प्रवासातली माझी खरी मिळकत तीच आहे. रेगेमध्ये ‘वन ड्रॉप’ नावाचा ठेका आहे. चार मात्रांच्या त्या चक्रात पहिल्या मात्रेवर, म्हणजे जिथे पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात हमखास मोठा ड्रम पडतो तिथे, ड्रमवादक हात आणि पाय दोन्ही राखून ठेवतो आणि सगळे वजन तिसऱ्या मात्रेवर टाकतो. बॅरेट यांचे धाकटे बंधू कार्लटन यांनी वेलर्समध्ये वाजवून हा ठेका जगभर पोहोचवला. गिटारचे आखूड, तुटक आघात मात्रांच्या आडवळणाला येतात, ऑर्गन खालून बुडबुडे आल्यासारखा वाजत राहतो, आणि बेसची चालही पुष्कळदा पहिली मात्रा सोडूनच सुरू होते. समेवर, म्हणजे त्या पहिल्या मात्रेवर, कोणीच नसते, आणि तरीही सम कुठे आहे याविषयी ऐकणाऱ्याच्या मनात तिळमात्र शंका राहत नाही.

मी लहानपणी सांगलीला सहा वर्षे तबला शिकले आहे. समेवरच ‘खाली’, म्हणजे टाळीविना मोकळी मात्रा, असलेला ताल आपल्याकडेही आहे, तो म्हणजे रूपक. सात मात्रांच्या त्या ठेक्यात ‘तीं तीं ना’ या पहिल्या तीन बोलांत डग्ग्याची घुमक नसते, आणि चौथ्या मात्रेला ‘धीं’ आला की पोटात काहीतरी खाली उतरल्यासारखे वाटते. ड्रमवादक पाणी प्यायला थांबला तेव्हा मी अंकलना एका खोक्यावर बोटांनी रूपक वाजवून दाखवला. त्यांनी डोळे मिटून तीन आवर्तने ऐकली आणि विचारले, “हे किती जुने आहे?” मी म्हटले, “आमच्या रेगेपेक्षा बरेच जुने.” त्या ‘आमच्या’ने त्यांना फार आनंद झाला.

रात्रीचा कार्यक्रम साडेनऊला सुरू झाला. सभागृहात अडीचशे-तीनशे माणसे असतील, त्यांत पांढऱ्या केसांच्या जमैकन स्त्रिया होत्या आणि विद्यापीठातली मुलेही होती. मी कानांत बोळे घालून मंचाच्या डावीकडे, बेसच्या कॅबिनेटपासून दोन हातांवर उभी होते. अंकल उजव्या अंगठ्याच्या मांसल कडेने तार खाली दाबल्यासारखी छेडतात, नखाचा स्पर्श होऊ देत नाहीत. तारांवर, घोडीजवळ, स्पंजाचा एक तुकडा बसवलेला असतो, त्यामुळे सूर उमटतो आणि लगेच स्वतःला आवरतो. तो सूर कानाने नव्हे तर छातीच्या मधल्या हाडाने ऐकावा लागतो. तिसऱ्या गाण्यानंतर समोरची सगळी गर्दी एकाच वेळी गुडघ्यांत किंचित वाकते आहे असे दिसले, आणि ती वाकत होती बरोबर त्या रिकाम्या मात्रेवर. जिथे काहीच वाजत नव्हते ती जागा तीनशे शरीरे भरून काढत होती.

रविवारी सकाळी अंकलना बंदरावर जायचे होते. तिथे पेरोज ब्रिज नावाचा एक पादचारी पूल आहे, 1999 साली बांधलेला. पूल उचलण्यासाठी त्याला जी दोन वजने लावली आहेत, त्यांना शिंगांचा आकार दिलेला आहे. आपल्याला पाहताक्षणी तुतारीची आठवण होईल. पेरो हा कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरून ब्रिस्टलच्या एका साखर व्यापाऱ्याच्या घरी आणलेला गुलाम होता. गुलामांच्या व्यापारावर 1807 साली बंदी येईपर्यंत या शहराच्या जहाजांनी सुमारे पाच लाख आफ्रिकी माणसे समुद्रापार वाहून नेली, आणि त्यांतली कितीतरी जमैकाच्या उसाच्या मळ्यांत गेली. अंकलनी पुलाच्या कठड्यावर हात ठेवला आणि बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मी काही विचारले नाही. रेगेमध्ये इतका संताप आणि इतकी प्रार्थना एकत्र का असते, हे त्या पुलावर उभे राहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

तिथून आम्ही सेंट पॉल्समध्ये गेलो. कॅरिबियन माणसांची ही जुनी वस्ती. 1968 साली तिथे कार्निव्हल सुरू झाले, आणि ते उभे करणाऱ्या सात जणांची भव्य चित्रे भागातल्या घरांच्या भिंतींवर रंगवलेली आहेत. त्यांतले रॉय हॅकेट हे 1963 च्या बस बहिष्काराचे एक पुढारी होते. काळ्या आणि आशियाई माणसांना शहराच्या बसवर नोकरी द्यायची नाही, असा त्या वेळी तिथे शिरस्ता होता. चार महिन्यांच्या लढ्यानंतर 28 ऑगस्ट 1963 रोजी तो मोडला, आणि 17 सप्टेंबरला पहिला गौरेतर कंडक्टर कामावर रुजू झाला. त्यांचे नाव रघबीर सिंग. कॅरिबियन माणसांनी उभारलेल्या लढ्याचे पहिले फळ एका भारतीयाच्या हाती पडले, हे मला माहीत नव्हते. अंकलना होते, आणि ते त्यांनी मला ज्या सहजतेने सांगितले तिने मी भारावून गेले.

दुपारचा कार्यक्रम ईस्टन भागातल्या एका अंगणात होता. वादनाच्या आधी तिथे साउंड सिस्टिम लागली होती, म्हणजे माणसाच्या उंचीच्या लाकडी पेट्यांची भिंत आणि तिच्यासमोर तबकड्या लावणारा ‘सिलेक्टर’. विंडरशच्या पिढीला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियनमधून ब्रिटनला आलेल्या माणसांना, इथल्या क्लबांची दारे बंद होती, तेव्हा त्यांनी बैठकीच्या खोलीतले सामान बाहेर काढून, सुतारांकडून पेट्या बनवून घेऊन घरातच संगीत सुरू केले. ही भिंत त्याच परंपरेतली आहे. लोकांना एखादे गाणे फार आवडले की ते कुंपणाच्या फळ्यांवर थापा मारत आणि सिलेक्टर तबकडी मागे फिरवून ते पुन्हा पहिल्यापासून लावी. मला आमच्या आजोबांनी वर्णन केलेले संगीत नाटकांतले वन्स मोअर आठवले.

जेवायला राजमा घालून नारळाच्या दुधात शिजवलेला भात होता आणि बाजूला ‘कॅललू’ नावाची पालेभाजी. पहिला घास घेताच मी थांबले, कारण तो आपला माठ होता, कांद्यावर परतलेला, फक्त मिरची वेगळी. वाढणाऱ्या आजींना मी ते सांगितले, तेव्हा त्यांनी ताटात आणखी एक पळी वाढली आणि म्हणाल्या की त्यांच्या गावी बोकडाचे मटण करी घालूनच करतात, आणि ते तुमच्याच माणसांनी शिकवले. ते खरेच आहे. 1845 पासून करारावर मजूर म्हणून जमैकात गेलेल्या हिंदुस्थानी लोकांनी ते नेले. ड्रमवादकाने विचारल्यावर मी गोव्यातल्या सनस्प्लॅश या रेगे महोत्सवाविषयीही सांगितले, जो 2016 पासून भरू लागला. त्याने लगेच फोनमध्ये टिपून घेतले.

परतताना अंधार पडला होता. ग्लॉस्टर मागे पडले तेव्हा अंकल झोपले आहेत असे मला वाटत होते. मग शेजारून बोटांचा आवाज आला. गिटारच्या पेटीवर त्यांचा उजवा हात सात मात्रा मोजत होता. पहिल्या तीन मात्रा बोटांच्या टोकांनी अगदी हलक्या, आणि चौथीला तळहात. दोनदा त्यांची आवर्तने चुकली आणि दोनदा त्यांनी ती पहिल्यापासून धरली. वूस्टरच्या जवळपास ती जुळली, आणि मी स्टिअरिंगवरचा एक हात उचलून सहाव्या मात्रेवर टाळी दिली.