काट्याची वामकुक्षी

परवा दुपारी चारच्या सुमारास मोबाइलमधल्या वायुभारमापकाकडे सहज लक्ष गेले, तर सकाळी हवेचा दाब १००९ हेक्टोपास्कल दाखवणारा आकडा १००५ वर उतरला होता. आभाळात ढगाचे नाव नव्हते. तरीही माझ्या बोटाने नकळत मोबाइलच्या काचेवर टिचकी मारली आणि माझे मलाच हसू आले.

ही टिचकी आजोबांची. त्यांच्या टेबलाशेजारी पितळी कडेचा गोल वायुभारमापक टांगलेला असे. त्याच्या पोटातली पत्र्याची निर्वात डबी हवेच्या दाबाने दबते, दाब उतरला की फुगते, आणि ती केसाएवढी हालचाल तरफांमधून काट्यापर्यंत पोचते. मात्र तरफा वाटेत जरा अडखळतात, म्हणून काचेवर हलकेच टिचकी मारायची आणि काटा कोणत्या बाजूला थरथरतो ते पाहायचे. तबकडीवर उजवीकडे निरभ्र हवा लिहिलेली, डावीकडे पाऊस आणि त्याच्याही पलीकडे वादळ.

शाळेतून आल्यावर मी टिचकी मारत असे, काटा डावीकडे सरके आणि मी घरभर पाऊस जाहीर करत असे. पाऊस अर्थातच येत नसे. चार-पाच दिवस माझी फजिती पाहिल्यावर आजोबा म्हणाले, "अरे, ही त्याची वामकुक्षीची वेळ आहे." सूर्याच्या उष्णतेमुळे वातावरणालाही दिवसातून दोनदा भरती-ओहोटी येते, आणि उष्ण प्रदेशांत सकाळी दहाच्या सुमारास चढलेला दाब दुपारी चारच्या सुमारास तीन-चार हेक्टोपास्कलने उतरतो, हे मला फार उशिरा कळले. खऱ्या पावसाची उतरण घड्याळ पाळत नाही; कमी दाबाकडे चहूबाजूंनी धावलेली हवा वर चढते, थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे ढग होतात, मग वेळ कोणतीही असो.

माझा खरा राग आहे तो उजवीकडच्या शब्दांवर. उच्च दाबाखाली हवा वरून खाली उतरते, उतरताना तापते आणि ढग विरतात, हे खरे. पण शहरात हिवाळ्यात हीच उबदार हवा झाकणासारखी वर बसते आणि खालचा सगळा धूर खालीच कोंडून राहतो. १९५२ च्या डिसेंबरमध्ये लंडनवर पाच दिवस विषारी धुके साचले आणि हजारो माणसे दगावली, तेव्हा त्या शहरावर उच्च दाबाचेच क्षेत्र होते. तिथल्या भिंतींवरचे काटे त्या दिवसांत निरभ्र हवेकडेच वळलेले असणार.

आजोबांचा वायुभारमापक आता माझ्याकडे आहे. डबीत कुठूनतरी हवा शिरली असावी, कारण काटा डावीकडे टोकाला जाऊन बसला आहे आणि त्याच्या मते माझ्या घरात बारा महिने वादळ असते. दुरुस्तीला द्यायचा असे दरवर्षी ठरते. जाता-येता टिचकी मात्र मारतो.