वेंगुर्ल्याचं चित्रप्रदर्शन आणि स्क्रीन प्रिंटिंगचं टेबल

स्थानिक चित्रकारांच्या प्रदर्शनात स्क्रीन प्रिंटिंगचं, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीतून रंग ओढून छापायचं, टेबल मांडलेलं दिसलं, तर चित्रं बघायच्या आधी तिथे नंबर लावा. वेंगुर्ल्यात यंदाच्या हिवाळ्यात एका शाळेच्या सभागृहात आम्ही तसंच केलं आणि फार बरं झालं. दुपारनंतर मुलांची झुंबड उडाली. सकाळी मात्र शिकवणाऱ्या काकांना प्रत्येकाचा हात नीट बघायला वेळ होता.

काकांची हयात लग्नपत्रिका छापण्यात गेली. फ्लेक्स आणि डिजिटल छपाई येण्याआधी पत्रिका, नाटकांची पोस्टरं, क्रिकेट स्पर्धांचे टी-शर्ट सगळं त्यांच्या चौकटींतून निघायचं. त्यांच्याकडून ऐकावं ते जाळीबद्दल. कापडासाठी ४३ नंबरची जाळी, म्हणजे सेंटीमीटरला ४३ धागे. कागदावर बारीक अक्षरं हवी असतील तर ७७ किंवा त्याहून बारीक. जाळीला इमल्शनचा, म्हणजे उजेडाने कडक होणाऱ्या द्रवाचा, थर देऊन अंधारात वाळवायचं, वर ट्रेसिंग पेपरवरचं काळं चित्र ठेवून उजेड दाखवायचा. उजेड लागला तिथे थर कडक होतो, काळ्याखालचा कच्चा राहतो आणि पाण्याने निघून जातो. रंग उतरतो तो त्या मोकळ्या झालेल्या जागेतून. खाऱ्या, दमट हवेत खरी परीक्षा वाळवण्याची असते. थर आत ओला राहिला तर धुताना चित्रासकट सगळाच सुटतो, म्हणून काकांनी चौकटी आदल्या रात्रीपासून अंधाऱ्या खोलीत पंख्याखाली ठेवल्या होत्या. असं शिबिर पावसाळ्यात ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलांसाठी मात्र इमल्शन नव्हतं, नुसता कापलेला कागद. मला सगळ्यात जास्त आनंद इथेच झाला. एरवी स्टेन्सिलमध्ये ‘व’ कापला की त्याच्या पोटातला तुकडा सुटून पडतो, त्याला धरायला मध्ये पट्टी सोडावी लागते. इथे तो तुकडा कापडावर जागच्या जागी ठेवायचा, वर चौकट टेकवायची आणि रंग ओढायचा. पहिल्याच ओढीत रंगामुळे कागद जाळीला चिकटतो आणि पुढच्या छापांनाही तिथेच राहतो. लिनोच्या कोरीव ठशासारखी अक्षरं उलटी कापावी लागत नाहीत, त्यामुळे पहिलीतली पोरंही आपलं नाव छापून घेत होती. देवनागरीला इतकी सोयीची छपाई हाताने करता येते, हे प्रत्येक मराठी शाळेत दाखवायला हवं.

स्क्वीजी, म्हणजे रंग ओढायची रबरी पट्टी, साधारण ४५ अंशांत तिरकी धरायची आणि दाब शेवटपर्यंत सारखा ठेवायचा. काका शेजारच्या मुलीला सांगत होते, “हळू ओढ गो. मधी थांबू नको, थांबलंस तर रेघ उठतली.” आधी एकदा दाब न देता रंग जाळीवर पसरून घेतला की छाप भरून येतो. तुमची पाळी संपली की चौकट तशीच ठेवू नका. पाण्यात मिसळणारा रंगसुद्धा जाळीत वाळला तर भोकं बुजतात, आणि मग ती जाळी पुढच्याच्या कामाची राहत नाही.

जाताना सुती पिशवी किंवा जुना टी-शर्ट घरूनच न्या. नव्या कापडाची खळ धुऊन काढलेली असावी, नाहीतर रंग वर वर बसतो. चित्र ठळक आणि भरीव आणा. आम्ही काजूचं बोंड नेलं होतं, ते छान उतरलं. बारीक रेघांचं दीपगृह नेलेल्यांना ते तिथे पुन्हा जाड करून काढावं लागलं. छापलेलं कापड पूर्ण वाळल्यावर वर सुती फडकं टाकून कडक इस्त्री फिरवा, आणि त्याआधी ते अजिबात धुऊ नका.

मुंबईहून येणाऱ्यांना तुतारी एक्स्प्रेस सोयीची; दादरहून मध्यरात्रीच्या सुमारास निघते. कुडाळला उतरून पुढे एसटी. हातात अर्धा दिवस असेल तर कुडाळजवळ पिंगुळीला थांबाच. ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा तिथे जिवंत आहे, ती जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. परतीची गाडी सावंतवाडीहून असेल तर राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे जुने पत्ते, बघा: दशावतारी गंजिफात १२० गोल पानं असतात, हाताने रंगवलेली. नंतर वेंगुर्ल्याला परतायचं असेल तर शेवटच्या एसटीची वेळ सकाळीच स्टँडवर विचारून ठेवा, संध्याकाळी रिक्षा जास्त पैसे मागतात.