ब्लॅकफ्रायर्स: पबसमोर अडकू नका, वरच्या बोळांतून खाली उतरा

लंडनच्या ब्लॅकफ्रायर्सला 'मध्ययुगीन मठ' बघायला निघाला असाल तर आधी हे ऐका: मठ उरलेला नाही. उरलाय तो भिंतीचा एक छोटा तुकडा, दोन-चार फलक आणि बोळांची नावं. पैसे घेऊन पायी फिरवणाऱ्या एका सहलीच्या जाहिरातीत मठाचे अवशेष म्हणून जे दाखवलं होतं, ते प्रत्यक्षात निघालं 'द ब्लॅक फ्रायर' हा पब. इमारत 1875 ची, आतबाहेरची सजावट 1905 नंतरची. गुटगुटीत, हसरे साधू कोरलेत ते हेन्री पूल वगैरे शिल्पकारांनी. काम देखणं आहे, 1960 च्या दशकात लोकांनी धडपड करून ते पाडण्यापासून वाचवलं हेही चांगलं झालं, पण डॉमिनिकनांशी, म्हणजे मठ ज्यांचा होता त्या ख्रिस्ती साधूंशी, त्याचा संबंध नावापुरता. वेळेचा मोठा भाग तिथे घालवून शेवटी वरचे बोळ धावत उरकणारी सहल घेऊ नका. खाली सांगितलेला सगळा रस्ता फुकट आहे.

दुसरी फसगत स्टेशनची. ब्लॅकफ्रायर्सचे थेम्सलिंक रेल्वेचे प्लॅटफॉर्म नदीवरच्या पुलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेत, आणि स्टेशनला दोन्ही काठांवर दारं आहेत. गर्दीबरोबर चालत राहिलात आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडलात, तर मठाची जागा नदीपलीकडे राहते आणि आख्खा पूल वाऱ्यात चालून यावं लागतं. उत्तरेच्या दारातून आलात तरी सुख नाही. क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीट, न्यू ब्रिज स्ट्रीट आणि नदीकाठचा हमरस्ता असा तिढा समोर येतो, भुयारी मार्गातून चुकीच्या कोपऱ्यावर निघणं अगदी सोपं. 'पडल डॉक' ही पाटी वाचून जुना धक्का असेल म्हणून तिकडे वळू नका. गाड्यांच्या आवाजाशिवाय काहीही नाही. हा पट्टा निव्वळ त्रासाचा आहे, तो सुरुवातीला घेऊच नका.

त्यापेक्षा लंडनच्या भुयारी रेल्वेच्या सेंट्रल लाइनने सेंट पॉल्सला उतरा, कॅथीड्रलला वळसा घालून दक्षिणेला या आणि कार्टर लेन धरा. इथून बहुतेक रस्ता नदीकडे उताराचा. रेल्वेच्या भाड्यासाठी फाटकावर टेकवायचं कार्ड प्रत्येकाचं वेगळं हवं, आणि आत जाताना जे टेकवलं तेच बाहेर पडताना टेकवा. आत प्लास्टिकचं कार्ड आणि बाहेर फोन असं केलंत तर यंत्राला ते दोन अर्धवट प्रवास दिसतात आणि दोन्हींचं कमाल भाडं कापलं जातं. खातं एकच असलं तरीही.

कार्टर लेनवरून पश्चिमेकडे जाताना डावीकडे वॉर्डरोब प्लेस लागतं, राजाच्या कपडेपटाची जागा. डोकावून पुढे चला. नंतर फ्रायर स्ट्रीट ओलांडली की चर्च एंट्री नावाचा अरुंद बोळ. डोळे उघडे नसतील तर हमखास सुटतो. इथे जमिनीखाली मठाचं चर्च आहे. डॉमिनिकन 1221 मध्ये लंडनला आले, आधी होबर्नला राहिले. 1270 च्या दशकात मेयर ग्रेगरी द रोक्सले यांनी ही जमीन दिली आणि पहिल्या एडवर्डने त्यांच्यासाठी शहराची तटबंदी सरकवायची परवानगी दिली. त्याची राणी एलिनॉर 1290 मध्ये गेली तेव्हा देह वेस्टमिन्स्टरला पुरला, हृदय मात्र इथे, आधीच वारलेल्या मुलाच्या, अल्फॉन्सोच्या हृदयाजवळ. 1382 मध्ये धर्मसुधारक वायक्लिफच्या मतांचा निवाडा करायला आर्चबिशप कोर्टनीने इथेच सभा भरवली आणि ती चालू असताना भूकंप झाला.

बोळ संपून आयर्लंड यार्डला लागलात की सेंट अ‍ॅनचं जुनं दफनस्थान. चर्च 1666 च्या आगीत गेलं, पुन्हा बांधलं नाही. इथेच मठाच्या भिंतीचा तो तुकडा आहे. कुंपणातून नीट बघा, कारण सबंध फेरीत मध्ययुगाचा दगड म्हणून दिसणारी गोष्ट एवढीच. ल्यूटवादक जॉन डाउलंडला 1626 मध्ये सेंट अ‍ॅनमध्येच पुरलं.

आयर्लंड यार्डने पूर्वेला सेंट अँड्र्यूज हिलपर्यंत जा, कोपऱ्यावर 'कॉकपिट' पब दिसेल. शेक्सपिअरने 10 मार्च 1613 ला विकत घेतलेलं गेटहाउस याच परिसरात होतं: किंमत 140 पौंड, त्यातले 80 रोख, 60 गहाणावर. चढावरचा फलक 'जवळपास' एवढंच म्हणतो, तेव्हा नेमकं दार शोधत बसू नका. शक्ती असेल तर उतारावरून सेंट अँड्र्यू बाय द वॉर्डरोब चर्चपर्यंत जाऊन परत चढा; गुडघे दुखत असतील तर सोडून द्या.

आता त्याच आयर्लंड यार्डने परत पश्चिमेला, प्लेहाउस यार्डमध्ये. दिसायला काहीच नाही, आणि तरी माझ्या मते सगळ्या फेरीत सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा. मठाचं वरच्या मजल्यावरचं मोठं दालन इथे होतं. पार्लमेंट तिथे भरलं. 1529 च्या जूनमध्ये आठव्या हेन्रीच्या काडीमोडाचा खटला वुल्झी आणि कांपेज्जो या दोन कार्डिनलांपुढे तिथेच चालला. कॅथरीन राणी नवऱ्यापुढे गुडघे टेकून बोलली आणि परत बोलावलं तरी न थांबता निघून गेली. 1538 मध्ये मठ बंद झाला, 1596 मध्ये नाटकवाल्या जेम्स बर्बेजने तेच दालन 600 पौंडांना घेऊन साधारण 66 बाय 46 फुटांचं नाट्यगृह बांधलं. शेजारी खवळले. त्यांच्या अर्जावर नावं कुणाची? शेक्सपिअरच्या नटमंडळीचा आश्रयदाता लॉर्ड हन्सडन, आणि शेक्सपिअरची पहिली कविता छापणारा, त्याच्याच गावचा रिचर्ड फील्ड! मंडळीला स्वतः इथे खेळ करायला 1609 उजाडलं.

हे सगळं इथेच का, तर मठाच्या आवारावर शहराच्या मेयरचा हुकूम चालत नसे, आणि मठ गेला तरी ती मोकळीक चटकन गेली नाही. म्हणून नाटकवाले आणि परदेशी कारागीर इथे टिकले. शहरातल्या चित्रकारांच्या संघाचा जाच नको म्हणून चित्रकार व्हॅन डाइकही 1632 पासून मरेपर्यंत इथे राहिला; पहिला चार्ल्स नावेतून त्याच्याकडे येत असे. ही पार्श्वभूमी वाचून गेलात तर रिकामं प्लेहाउस यार्ड बोलतं, नाहीतर तिथे फक्त कचऱ्याचे डबे दिसतात.

ब्लॅक फ्रायर्स लेनला उजवीकडे वळून थोडं चढलात की अपोथेकरीज हॉल. औषधविक्यांच्या संघाने मठाचं जुनं अतिथीगृह 1632 मध्ये घेतलं. ते आगीत गेलं, आताची वास्तू 1672 मध्ये पुरी झाली. कवी कीट्सला 1816 मध्ये आणि ब्रिटनमधल्या सुरुवातीच्या स्त्री डॉक्टरांपैकी एलिझाबेथ गॅरेटला 1865 मध्ये वैद्यकीचा परवाना याच संघाने दिला, ईस्ट इंडिया कंपनीला औषधंही इथूनच जात. कामाच्या दिवशी फाटक उघडं असेल तर अंगण बघता येतं, आतली दालनं आधी ठरवल्याशिवाय नाही. म्हणून शनिवार-रविवार टाळा. कामाच्या दिवशी दुपारी बारा ते दोन बोळ नोकरदारांनी भरतात, तेव्हा सकाळी दहाला सुरुवात करा. नुसतं चालणं अर्ध्या तासाचं. वाचत, थांबत दोन तास. फरसबंदी ओबडधोबड आहे, बाबागाडी आणि चाकाची खुर्ची अडखळते, पावसात चामडी तळाचे बूट घसरतात.

उतरून खाली आलात की पब समोरच आहे. बाहेरून बघा, दहा मिनिटं पुरे. बर्बेजच्या नाट्यगृहाची खरी कल्पना यायला नदीपलीकडे ग्लोब नाट्यगृहाच्या आवारातलं सॅम वानामेकर प्लेहाउस गाठा. ते ब्लॅकफ्रायर्सची हुबेहूब नक्कल नाही, पण मेणबत्त्यांच्या उजेडातलं बंदिस्त नाट्यगृह कसं असेल ते कळतं. तिकीट काढताना 'खांब आड येतो' अशी सूचना असलेली जागा घेऊ नका, बाकांना पाठ आहे का तेही बघून घ्या.