तपकिरी केंद्रकं दिसेपर्यंत

मेंदूच्या कापांवर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे रिसेप्टर, म्हणजे ते पकडणारी प्रथिनं, शोधायचं काम हाती घेतलं तेव्हा वाटलं, दोन आठवड्यांत उरकेल. चार महिने लागले.

ऊती होती पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या एका बाईंची, मरणोत्तर दान केलेली. ऊती टिकवणाऱ्या फॉर्मलिनमुळे तिच्यातली प्रथिनं एकमेकांना घट्ट जखडली जातात आणि रिसेप्टर शोधणाऱ्या अँटिबॉडीला त्याला चिकटायला जागा सापडत नाही. म्हणून काप आधी सायट्रेट बफरमध्ये, सामू 6 ठेवून, तापवायचे. तिथेच माझे काप स्लाइडवरून सुटायचे. ही ऊती पुन्हा मिळणारी नव्हती. एकेक काप गेला की जीव तुटायचा. काप रात्रभर वाळू द्यायला लागले, तेव्हा ते टिकले.

मग अल्फा आणि बीटा, या रिसेप्टरच्या दोन्ही प्रकारांच्या अँटिबॉडी लावून स्लाइड रात्रभर 4 अंशांवर ठेवल्या. सकाळी डीएबी, म्हणजे अँटिबॉडी चिकटली तिथे तपकिरी रंग आणणारं रसायन, टाकलं तर बीटाच्या स्लाइडवर जिकडेतिकडे तपकिरी रंग! मी हरखले. मॅडमनी एवढंच विचारलं, "बीटा नसलेल्या पेशी रंगवून पाहिल्यास?" पाहिल्या. त्याही तपकिरी. बीटा सापडला 1996 साली. त्याच्या 13 अँटिबॉडी तपासणारा अभ्यास 2017 साली आला आणि त्यात एकच खरी उतरली. माझी ती नव्हती. बीटाचं सगळं काम बाजूला ठेवलं. रडू आलं, पण ते छापणं चुकीचंच ठरलं असतं.

अल्फाची स्लाइड फिकट होती, म्हणून तिच्याकडे मी नीट पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसच्या तळाशी, इन्फंडिब्युलर न्यूक्लियस नावाच्या पुंजक्यात, मोठाल्या चेतापेशी आणि रंग फक्त त्यांच्या केंद्रकात, जिथे हा रिसेप्टर असायला हवा तिथेच. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेनचा लगाम सुटतो आणि या पेशी फुगतात, हे नाओमी रान्स यांनी 1990 साली दाखवलं होतं. यातल्याच पेशी न्यूरोकायनिन बी हे निरोप पोचवणारं रसायन बनवतात. त्याचा रिसेप्टर अडवणारं फेझोलिनेटंट हे औषध 2023 साली अमेरिकेत मंजूर झालं, पाळी जाताना अंगातून उठणाऱ्या गरम वाफांसाठी.

माझी आई मध्यरात्री घामाने चिंब होऊन उठून बसायची. 'मनाचे खेळ' म्हणून तिला गप्प केलेलं मी ऐकलंय. भिंगाखाली त्या पेशी बघताना ती सारखी आठवत होती. त्या संध्याकाळी मी तिला फोन करून स्लाइडवर काय दिसलं ते सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे खरंच होतं ना ते?"