आमची वाटचाल : सांगली फाट्यावरचं पंक्चर ते उद्यमनगरातलं अलाइनमेंट

आमच्या आबांनी टायर-पंक्चरचा धंदा सुरू केला तो कोल्हापूरजवळच्या सांगली फाट्याजवळ, पुणे-बेंगळुरू रस्त्याच्या कडेला. सामान काय, तर एक कॉम्प्रेसर, पाण्याची टाकी, दोन टॉमी, जॅक आणि ट्यूबला ठिगळ चिकटवायची शेगडी. गिऱ्हाईक बहुतेक ट्रकवाले. मोटारी कमी, त्याही ॲम्बेसिडर नाहीतर फियाट, नायलॉनचे टायर आणि आत ट्यूब. टायर कधी बदलायचा, असं त्या काळी कुणी विचारतच नसे. टायरचा गोटा व्हायचा, पुढं आतले धागे दिसायला लागायचे, मग आतून जुन्या टायरचा तुकडा लावून गाडी आणखी काही दिवस ओढायची. अगदीच फुटला की नवा. ट्रकचे उतरलेले टायर ऊस ओढणाऱ्या टायरगाड्यांना जायचे, त्यामुळं फुकट काहीच जात नसे.

सुवर्ण चतुष्कोनाच्या कामात महामार्ग चौपदरी झाला आणि आमची रस्त्याकडेची जागा गेली. आबांनी शिवाजी उद्यमनगरात भाड्यानं गाळा घेतला. ट्रक सुटले, पण मोटारी मिळाल्या. आणि इथं पंक्चरला तोटा नव्हता! सगळीकडं लेथ, फाउंड्र्या, वर्कशॉप. रस्त्यावर सांडलेली लोखंडी चुरी टायरमध्ये घुसायची ती बाहेर काढायला चिमटा लागायचा.

त्याच सुमारास मी दुकानात बसायला लागलो आणि ट्यूबलेस टायर सर्रास झाले. ट्यूबलेसचं पंक्चर चाक न काढताही भोकात रबराची स्ट्रिप (पट्टी) घालून बंद होतं, म्हणून लोकांना वाटतं की कुठलंही भोक बुजवता येतं. तसं नाही. जमिनीला टेकणाऱ्या भागात, साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक असेल तरच आम्ही हात लावतो. साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, किंवा खांद्याजवळ खिळा गेला असेल तर सरळ सांगतो, हा टायर आता काढा. यावरून दुकानात वाद झालेत, गिऱ्हाईक रागानं दुसरीकडं गेलेत. जाऊ देत. साइडवॉल चालताना सतत वाकत असते, तिथलं ठिगळ कधी दगा देईल याची हमी मी घेत नाही.

आमच्या दुकानाची दिशा बदलली ती मात्र उतरलेल्या टायरांमुळं. नवे टायर विकायला लागल्यावर जुने उतरवून आम्ही भिंतीला लावून ठेवायचो, आणि ते बघून मला एक गोष्ट खटकायची. बऱ्याच टायरांची बाहेरची नक्षी चांगली शाबूत, आणि आतली कड पार गुळगुळीत. गाडी उभी असताना ती कड दिसतच नाही. स्टेअरिंग पूर्ण वळवून खाली वाकून बघावं लागतं. म्हणजे टायर निम्मासुद्धा वापरला न जाता फेकला जात होता, आणि आम्ही त्याच वाकड्या चाकावर नवा टायर चढवून पैसे घेत होतो. तोही तसाच झिजणार. म्हणून बँकेचं कर्ज काढून अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन तपासून सरळ जुळवायचं, मशीन घेतलं. आबांचा विरोध होता. "एवढ्या पैशात किती टायर भरता येतील, हिशेब केलास काय?" म्हणाले. टायरचा साठा कमी ठेवला, पण मशीन आणलं.

तेव्हापासून आमच्याकडं रीत आहे. टायर उतरला की मालकाला बोलावून त्याच्यासमोर आडवा ठेवायचा. मधली पट्टी झिजली असेल तर हवा कायम जास्त. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट. आणि हात फिरवल्यावर खळगे-उंचवटे लागले तर शॉकॲब्झॉर्बर नाहीतर बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडं सारखं आहे का ते, बघायचं. हवेबद्दल तर आपल्याकडं एक गैरसमज घट्ट बसलाय, की उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी म्हणजे टायर फुटत नाही. उलट आहे. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, जास्त वाकतो आणि जास्त तापतो. ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर असतो, त्यावरचा आकडा गाडी थंड असताना बघून भरायचा. नायट्रोजन भरलाच पाहिजे असा आग्रह आम्ही धरत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महिन्याला हवा तपासली तर साधी हवा पुरते.

आता मुख्य प्रश्न, जो रोज विचारला जातो. "किती किलोमीटरला बदलायचे?" मी किलोमीटरवर उत्तर देत नाही. एकाच कंपनीची एकच गाडी, एक इचलकरंजीला रोज ये-जा करणारी आणि दुसरी गगनबावड्याच्या रस्त्यावर माल टाकून फिरणारी. दोघींच्या टायरचं आयुष्य सारखं कसं असेल? खाचेत बघायचं. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, साइडवॉलवर टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा बाण त्यांची जागा दाखवतात. नक्षी त्या उंचवट्यांना टेकली म्हणजे १.६ मिलिमीटर उरलं. मोटारीसाठी कायद्याची मर्यादा तीच आहे. पण ती मर्यादा आहे, सल्ला नाही. आपल्याकडं जूनमध्ये घाटात जो पाऊस कोसळतो त्यात खाचांनीच पाणी बाहेर टाकायचं असतं. म्हणून मे महिन्यात कोणी आलं आणि ३ मिलिमीटरच्या आसपास उरलेलं दिसलं, आणि गाडी करूळ किंवा आंबा घाटातून जाणारी असेल, तर पावसाआधी बदला म्हणतो. तीच गाडी फक्त राजारामपुरी ते रंकाळा फिरणार असेल तर म्हणतो, अजून काही महिने चालवा, दिवाळीनंतर या.

दुसरं बघायचं ते वय. एक निवृत्त गुरुजी आमच्याकडं येतात. गाडी जोतिबाला आणि नरसोबाच्या वाडीला जाते, बाकी पार्किंगमध्ये. टायर बदला म्हटल्यावर म्हणाले, "नक्षी तर नव्यासारखी आहे की!" मी त्यांना साइडवॉलवरचे चार आकडे दाखवले, २३१४. म्हणजे २०१४ सालचा २३ वा आठवडा. मग टॉर्च मारून नक्षीच्या मुळाशी पडलेल्या बारीक भेगा दाखवल्या. रबर वापरलं नाही तरी वाळतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावेत आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असली तरी काढावेत, असं मोठ्या टायर कंपन्याच सांगतात. स्टेपनीलाही हेच लागू, आणि नेमकी तीच कुणी बघत नाही.

तिसरी गोष्ट फुगा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर रस्त्यांची चाळण झाली होती, तेव्हा असे टायर खूप आले. खड्ड्याच्या दणक्यानं आतले धागे तुटतात आणि साइडवॉलला फुगा येतो. तिथं नक्षीही बघायची नाही आणि वयही बघायचं नाही, टायर त्याच दिवशी काढायचा.

निवडीच्या बाबतीत गिऱ्हाईक आधी कंपनीचं नाव घेतं. एमआरएफ पाहिजे, अपोलो पाहिजे, मेहुण्यानं मिशेलिन घातलेत. नावाला माझी हरकत नाही, पण ते शेवटी. आधी माप. १८५/६५ आर १५ ८८ एच म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल बनावट, रिम १५ इंची, ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो भार आणि एच म्हणजे वेग ताशी २१० किलोमीटरपर्यंत. भाराचा आकडा कंपनीनं दिलेल्यापेक्षा खाली जायचा नाही. रुंद टायरची हौस असलेली पोरं येतात. त्यांना मी बेरीज करून दाखवतो. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ यायचे आणि वरच्याला १८५/६५ आर १५. चाकाची एकूण उंची दोन्हीकडं साधारण ६२० मिलिमीटर, म्हणून स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. असं जुळत असेल तर खुशाल घाला, पण रिमसकट. माप ठरलं की मग वापर. लांबच्या रस्त्याला टिकाऊ, कडक रबर; कोकणात सारखी जा-ये असेल तर ओल्या रस्त्यावर पकडणारं, भले थोडं लवकर झिजलं तरी. मग बनावटीचा आठवडा, आणि त्यानंतर कंपनी आणि भाव.

दोनच टायर घ्यायचे असतील तर नवी जोडी मागं. इथं आमचं रोज भांडण. "इंजिन पुढं, स्टेअरिंग पुढं, आणि नवे मागं व्हय?" गडहिंग्लजचे एक कॉन्ट्रॅक्टर तर उठून चालले होते. त्यांना म्हटलं, ओल्या वळणावर पुढचे घसरले तर गाडी सरळ जाऊ बघते, तुम्ही ॲक्सिलरेटर सोडता, ती सावरते. मागचे घसरले तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि घाटात फिरायला जागा नसते. बसले परत.

उतरलेल्या टायरांतून 'चालण्यासारखे' निवडून विकायचा धंदा जोरात चालतो. आम्ही तो करत नाही. मोडीत देण्याआधी साइडवॉल कापूनच देतो, नाहीतर तोच टायर पॉलिश होऊन कुणाच्या तरी गाडीखाली जातो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला. त्याआधीचे काही आठवडे गिऱ्हाईक थांबून होतं, दुकानात नुसती हवा भरायला गर्दी. नंतर दसऱ्यापर्यंत बसायला फुरसत नव्हती. ट्रॅक्टरचे टायर तर ५ टक्क्यांवर आले. ऊस हंगामाच्या तोंडावर त्यासाठी इतकी विचारणा झाली की आता मुलगा म्हणतोय, ट्रॅक्टरचंही सुरू करू. माझं अजून ठरत नाही, कारण त्याला वेगळं मशीन आणि मोठी जागा लागते. त्याआधी इलेक्ट्रिक गाड्यांचं बघायचंय. बॅटरीच्या वजनानं आणि सुरुवातीच्या झटक्यानं त्यांचे टायर लवकर झिजतात, आणि भाराचा आकडाही वेगळा लागतो. ती मापं सध्या आम्ही साठवून ठेवत नाही. गाडी बघून, नंबर टिपून मागवतो.