सकाळची बाजू, दुपारची बाजू

पोळ्याच्या दोन दिवस आधी काकाजींचा फोन आला. "भाऊ, तुमचा फोम रडून राहिला. येता का जरा?"

मी नागपुरात घरांच्या छतांना स्प्रे फोम, म्हणजे फवारला की फुगणारा आणि उष्णता अडवणारा थर, मारायचं काम करतो. आम्हाला फोन येतात ते एप्रिल-मेमध्ये, 'घराची भट्टी झाली हो' म्हणून. पावसाळ्यातला फोन म्हणजे आपलंच काहीतरी चुकलेलं असतं. छत्री घेतली आणि मानेवाड्याला निघालो.

स्लॅबवर बांधलेली दहा बाय वीसची पत्र्याची खोली. एस.टी.त ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले काकाजी आणि काकू तिथेच झोपतात. मे महिन्यात त्यांनी बोलावलं तेव्हा पुण्यातल्या मुलाने त्यांना अमेरिकेतल्या घरांच्या पोटमाळ्यांचे व्हिडिओ दाखवून ठेवले होते. तिकडच्या लाकडी माळ्यांत ओपन सेल फोम बराच चालतो. तो हलका, स्पंजासारखा, स्वस्त. इंचामागे आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवायची ताकद, 3.5 च्या आसपास. मी म्हटलं, काकाजी, तुमच्या डोक्यावर पत्रा आहे, क्लोज्ड सेल घ्या. इंचामागे आर-व्हॅल्यू 6 च्या वर, कडक, आणि पाणी पीत नाही. दोन इंचांचा थर, साधारण तीस-पस्तीस किलो माल. खालून जिप्सम बोर्ड लावायलाच लावला, कारण कोपऱ्यात गॅसची शेगडी होती आणि हा फोम पेटला की त्याचा धूर विषारी. पैशावरून काकाजींनी थोडी कुरकुर केली, पण ऐकलं. उन्हाळा बरा गेला. "यंदा कूलर रात्री दोनला बंद करत होतो," असं त्यांनी स्वतः सांगितलं.

आता पाणी पडत होतं ते पत्र्याच्या उताराच्या खालच्या भिंतीजवळ, नेमकं काकूंच्या उशीवर. मी शिडी लावून वर गेलो आणि उशीच्या सरळ वरचा पत्रा बोटांनी चाचपला. भोक नाही, फट नाही. काकाजी खालून म्हणाले, "काऊन, पाणी हवेतून येऊन राहिलं का?"

आत येऊन बोर्डाची एक पट्टी काढली आणि हॅकसॉच्या पात्याने फोमला चीर दिली. कोपरापर्यंत पाणी आलं. गंजाने चहासारखं झालेलं. पात्याची कड घालून फोम ओढला तर हातभर तुकडा पापडासारखा निघून हातात आला. त्याच्या पाठीवर पत्र्याची नळी न् नळी उमटली होती, आणि त्यावर धुळीचा बारीक थर. म्हणजे तो पत्र्याला नीट चिकटलाच नव्हता.

मग मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलो आणि तिथे तसंच पातं घातलं. पातं वाकलं, फोम हलला नाही. तिथे तो पत्र्याबरोबरच जन्मल्यासारखा बसला होता.

शिडीवर उभ्याउभ्याच मला तो मे महिन्यातला दिवस आठवला. पहाटे साडेपाचला आम्ही त्या दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली होती. मधे वीज गेली, मशीन थांबलं, होज गार झाला, आणि उरलेलं अर्धं काम साडेअकराला संपवलं. तोवर पत्रा 61 डिग्री दाखवत होता. माझ्याच हातातल्या थर्मामीटर गनवर! फोम तयार होताना स्वतःही तापतो, म्हणून तो पातळ थरांत, मधे थांबून मारायचा असतो. आधी पत्रा कोरड्या फडक्याने पुसायचा असतो. आम्ही दोन्ही इंच एका दमात मारले, पुसायचं राहिलंच. तापलेल्या पत्र्यावर फोम भराभरा फुगतो, पकड धरायच्या आत कडक होतो, आणि निवताना आकसून सुटतो. हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं. पण दुसऱ्या दिवशी कामठीला काम होतं.

भोक शेवटी सापडलं ते उशीपासून बरंच दूर, उताराच्या वरच्या बाजूला. पत्रा धरून ठेवणाऱ्या एका जे-हुकचा वॉशर तडकला होता. तिथून शिरलेलं पाणी पत्रा आणि फोमच्या मधल्या फटीतून उताराने खाली आलं होतं, पत्रा गंजवत. ओपन सेल असता तर पाणी बहुतेक झिरपून भोकाखालीच ठिबकलं असतं आणि लवकर कळलं असतं. क्लोज्ड सेलवर मी अजूनही ठाम आहे, पण तो मारायच्या आधी प्रत्येक हुक तपासायला हवा, हे मी कोटेशनमध्ये कधी लिहिलंच नव्हतं. आता लिहितो. दोनशे चौरस फुटांत किती हुक असतात हो!

काकाजींना सगळं सरळ सांगितलं. चूक माझी, निम्मं काम पुन्हा फुकट करून देतो. त्यांनी रागाने पाहिलं, मग विचारलं, "आज करता?" आज नाही. पत्रा ओला असला की फोमचं रसायन पाण्याशीच भांडत बसतं, वायू सुटतो आणि भुसभुशीत माल तयार होतो. दिवाळीनंतर, पत्रा सुकला की, सकाळी सहाला.

वॉशर त्याच दिवशी बदलले, गंजावर प्रायमर लावला, सुटलेला फोम पोत्यांत भरला. निघेपर्यंत पुन्हा पावसाची सर आली. खोलीच्या उघड्या अर्ध्या भागात पत्रा असा वाजू लागला की बोलणं ऐकू येईना. दुसऱ्या अर्ध्यात पाऊस शेजारच्या घरावर पडत असल्यासारखा.

काकूंनी काही न बोलता खाट सकाळच्या बाजूला ओढली.